सगळ्यांचा प्रिंटर, जबाबदारी कुणाची?

२००२ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला जगभरातल्या अनेक कार्यालयांतले प्रिंटर कुणीही प्रिंट न देता आपोआप चालू झाले. कागदामागून कागद बाहेर पडत होता. एखाद्या पानावर दोनच ओळी, एखाद्यावर नुसती उलटसुलट चिन्हं, आणि बरीचशी पानं जवळपास कोरी. पहिलं पान नीट पाहिलं असतं, तर डोक्यावर ‘एमझेड’ ही दोन रोमन अक्षरं दिसली असती. थोडं खाली, हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ. विंडोजच्या एक्झी फाइलची सुरुवात अशीच होते. ‘एमझेड’ ही मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. प्रिंटरवर छापलं जात होतं ते पत्रही नव्हतं आणि बिलही नव्हतं. तो एक प्रोग्रॅम होता आणि स्वतःची प्रत प्रिंटरवर ठेवू पाहत होता.

त्याचं नाव बगबेअर. ३० सप्टेंबर २००२ रोजी तो पहिल्यांदा नजरेस आला. ईमेलमधून तो एका मशीनवर उतरायचा, तिथून कार्यालयाच्या नेटवर्कवर काय काय शेअर केलेलं आहे याची यादी काढायचा आणि यादीतल्या प्रत्येक ठिकाणी आपली प्रत पाठवायचा. त्या यादीत शेअर्ड फोल्डर असत, तसेच शेअर्ड प्रिंटरही असत. बगबेअर लिहिणाऱ्यानं दोहोंत फरक केलेला नव्हता. फोल्डरमध्ये गेलेली फाइल तिथे लपून बसे. प्रिंटरकडे गेलेली तीच फाइल प्रिंटर इमानेइतबारे छापत सुटे. फाइल जेमतेम ५० किलोबाइटची, पण मजकूर समजून छापायला घेतली की ट्रे रिकामा करणारी.

प्रिंटर असा वागायला लागला की कार्यालयात पुढे काय होतं, ते ठरलेलं असतं. तो बंद करून पुन्हा चालू केला जातो, केबल हलवून पाहिली जाते, ड्रायव्हर नव्यानं टाकला जातो आणि शेवटी एएमसीवाल्याला फोन जातो. बगबेअरच्या वेळी मात्र प्रिंटर ठणठणीत होता. बिघाड आजूबाजूच्या संगणकांत होता. बगबेअर तिथे अँटिव्हायरस आणि फायरवॉल गुपचूप बंद पाडत होता, कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपून घेत होता. तो ज्या त्रुटीतून शिरत होता, तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, दीड वर्ष आधी, मार्च २००१ मध्येच उपलब्ध झालेला होता. ज्या यंत्राला सगळे दोष देत होते, इमारतीत पसरलेला संसर्ग उघड्या डोळ्यांना दाखवणारं यंत्र नेमकं तेच होतं.

कार्यालयाचं नेटवर्क आणि त्यावरचा सामायिक प्रिंटर यांना वर्मपासून कसं वाचवायचं, हा या पुस्तकाचा विषय. नवख्या वाचकासाठी एक फरक आधीच स्पष्ट केलेला बरा. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटतो आणि कुणीतरी ती फाइल उघडेपर्यंत थांबतो. वर्म हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो; नेटवर्कवरून पुढचं मशीन तो स्वतः शोधतो, तिथे स्वतः पोहोचतो आणि बहुतेकदा कुणाच्याही क्लिकची वाट पाहत नाही. म्हणून वर्मच्या बाबतीत ‘माझ्या मशीनवर अँटिव्हायरस आहे’ हे उत्तर पुरत नाही. शेजारच्या टेबलावरचं, कोपऱ्यातलं, कुणी पाच वर्षांत न हाताळलेलं मशीन कसं आहे, यावर आपली सुरक्षितता ठरते.

सामायिक प्रिंटर आणि वर्म या दोघांचाही जन्म एकाच ठिकाणचा, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीनं १९७० मध्ये पार्क ही संशोधनसंस्था सुरू केली. तिथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर घडवला. तिथेच आल्टो हा वैयक्तिक संगणक तयार झाला, आणि हे सगळे आल्टो एकमेकांना व त्या वेगवान प्रिंटरला जोडण्यासाठी बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेटची मांडणी केली. प्रत्येकाच्या टेबलावर प्रिंटर परवडणं अशक्य होतं, म्हणून एक प्रिंटर सगळ्यांनी वाटून घ्यायचा, या साध्या गरजेचा आजच्या कार्यालयीन नेटवर्कच्या घडणीत मोठा वाटा आहे.

त्याच इमारतीत जॉन शॉक आणि जॉन हप यांनी वर्म लिहिले. हेतू चांगला होता: रात्री रिकाम्या पडलेल्या आल्टोंवर मोठं गणित तुकड्यातुकड्यांनी सोडवून घ्यायचं. एका रात्री त्यांनी छोटा वर्म चालू ठेवून घर गाठलं. सकाळी इमारतभर आल्टो बंद पडलेले. चालू करावा तर वर्मची बिघडलेली प्रत पुन्हा त्यावर चढायची आणि मशीन पुन्हा आडवं व्हायचं. काही मशीन कुलूपबंद खोल्यांत होती, त्यांच्यापर्यंत हातही पोहोचत नव्हता. सुदैवानं, सगळ्या तुकड्यांना एकदम थांबवणारा खास संदेश त्यांनी आधीच तयार ठेवला होता. तो नेटवर्कवर सोडल्यावर वर्म थांबला, पण तोवर शंभरएक मशीन निपचित पडली होती. १९८२ मध्ये दोघांनी हा अनुभव शोधनिबंधात प्रांजळपणे लिहिला. पुढच्या चार दशकांचे बहुतेक धडे त्यात आहेत: प्रत बिघडू शकते, वेग माणसाच्या झोपेपेक्षा जास्त असतो आणि कुलूपबंद खोलीतलं मशीनही नेटवर्कवर उघडंच असतं.

ते धडे फार थोड्यांनी वाचले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस यानं सोडलेल्या वर्मनं त्या वेळच्या सुमारे ६०,००० मशीनच्या इंटरनेटपैकी अंदाजे ६,००० मशीन ठप्प केली. मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधलं चुकून उघडं राहिलेलं दार, वापरकर्त्याची माहिती देणाऱ्या सेवेतली चूक आणि सहज ओळखता येणारे पासवर्ड, या तीन वाटांनी तो शिरत होता. चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका मशीननं दुसऱ्याला ‘हा आपलाच’ म्हणून पासवर्डशिवाय आत घ्यायची सोय तेव्हा सर्रास वापरली जाई, आणि वर्मनं त्या ओळखीचाच फायदा घेतला. या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं सर्ट, म्हणजे संगणकांवरच्या आणीबाणीत धावून जाणारं पथक, स्थापन झालं. मॉरिसला शिक्षा झाली ती तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड अशी.

नव्वदच्या दशकात कार्यालयं विंडोजवर आली, इंटरनेट आलं आणि शेअरिंग एका क्लिकवर आलं. मेलिसा, आय लव्ह यू हे ईमेलमधून पसरणारे प्रोग्रॅम वाचकांना आठवत असतील. पण नेटवर्कच्या दृष्टीनं २००१ ते २००४ ही वर्षं कसोटीची होती. जुलै २००१ मध्ये कोड रेडनं चौदा तासांच्या आत ३,५९,००० मशीन बाधित केली. त्याचं लक्ष्य होतं मायक्रोसॉफ्टचा वेबसर्व्हर, पण तो दिसेल त्या पत्त्यावर धडक मारत होता. त्यामुळे सेटिंगसाठी वेबपान असलेले राऊटर, स्विच आणि प्रिंटर बाधित न होताही नुसत्या धडकेनं बंद पडत होते. २५ जानेवारी २००३ चा स्लॅमर अवघ्या ३७६ बाइटचा होता; हल्ल्याला बळी पडू शकणाऱ्या मशीनपैकी नव्वद टक्के त्यानं दहा मिनिटांत गाठली. दहा मिनिटांत बहुतेक कार्यालयांत कुणाला फोनही लागत नाही. त्याही त्रुटीचा पॅच सहा महिन्यांपूर्वी निघालेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला आणि आठवड्याभरात त्याच्या मागोमाग वेल्चिया. वेल्चिया ब्लास्टरला हटवायचा आणि मशीनवर पॅच चढवायचा. उपकारक वर्म ही कल्पना कागदावर आकर्षक वाटते. प्रत्यक्षात वेल्चियाच्या रहदारीनं नेटवर्क गुदमरली आणि उपचारच आजार होऊन बसला. परवानगीवाचून कुणाच्या मशीनमध्ये शिरणारा प्रोग्रॅम हेतूनं चांगला ठरत नाही, हा निकाल तेव्हाच लागला आणि तो बदलण्याचं कारण आजही दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टनंही आपली रीत बदलली. ऑक्टोबर २००३ पासून पॅच दर महिन्याच्या ठरलेल्या मंगळवारी यायला लागले. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल मुळातच चालू मिळू लागली. तरीही २००८ च्या नोव्हेंबरात कॉन्फिकर पसरला. विंडोजमधली जी सेवा फाइल आणि प्रिंटर शेअर करू देते, तिच्यातल्याच त्रुटीतून तो येत होता, आणि पॅच महिनाभर आधी, २३ ऑक्टोबरला निघालेला होता. पॅच मारलेल्या मशीनवर तो पेन ड्राइव्हमधून किंवा सोपे पासवर्ड ताडून जायचा. इंग्लंडमधल्या मँचेस्टर नगर परिषदेला त्याच्यापायी पंधरा लाख पौंडांचा फटका बसला.

इथपर्यंत प्रिंटर बळी होता किंवा वाटेत सापडलेला होता. २०१० मध्ये तो वाट झाला. इराणमधल्या नतान्झच्या युरेनियम समृद्धी प्रकल्पावर रोखलेला स्टक्सनेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जायला जे मार्ग वापरत होता, त्यातला एक होता विंडोजचा प्रिंट स्पूलर. स्पूलर म्हणजे आलेली प्रिंट रांगेत लावणारी सेवा. ती जवळजवळ प्रत्येक विंडोज मशीनवर चालू असते आणि तिला त्या मशीनवर सर्वोच्च अधिकार असतात. एखाद्या मशीननं प्रिंटर शेअर केलेला असला की स्टक्सनेट त्याला ‘ही प्रिंट फाइलमध्ये काढ’ असा निरोप देई आणि फाइलचं ठिकाण म्हणून थेट विंडोजच्या सिस्टिम फोल्डरचं नाव सांगे. स्पूलर विचारत नसे. या त्रुटीचं वर्णन एका संगणक-सुरक्षा मासिकात २००९ मध्येच छापून आलं होतं; दुरुस्ती सप्टेंबर २०१० मध्ये झाली. स्टक्सनेटनं सर्वाधिक बाधित केलेल्या देशांत इराण आणि इंडोनेशिया यांच्यापाठोपाठ भारत होता, हे आपल्याकडे विसरलं गेलं आहे. २०१२ मध्ये मिलिसेन्सो या ट्रोजननं प्रिंटरमधून पुन्हा रिमच्या रिम बरबटलेले कागद काढले, तेव्हाही सर्वाधिक झळ बसलेल्या देशांत अमेरिकेबरोबर भारत होता. आणि २०२१ च्या जून-जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावानं त्याच स्पूलरमधलं नवं भगदाड उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सरकारी खात्यांच्या डोमेन कंट्रोलरवरची, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरची, स्पूलर सेवा बंद करायचा आदेश काढावा लागला.

खुद्द प्रिंटरही आता साधं यंत्र राहिलेला नाही. त्यात प्रोसेसर आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे, वेबपान आहे, बऱ्याचदा हार्ड डिस्क आहे. २०११ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या अँग कुई आणि साल्व्हातोर स्टॉल्फो यांनी दाखवलं, की काही लेझरजेट प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम, नुसती एक प्रिंट पाठवून बदलता येतं, कारण आलेलं फर्मवेअर खरं की खोटं हे प्रिंटर तपासतच नव्हता. २०१८ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी ऑल-इन-वन प्रिंटरचा ताबा केवळ फॅक्स नंबरवरून मिळवला. २०२१ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीला एचपीच्या दीडशेहून अधिक मॉडेलांत फाँट वाचण्याच्या कोडमधली चूक सापडली. ती वापरून एका प्रिंटरवरून दुसऱ्यावर जाणारा वर्म लिहिता आला असता. तो प्रत्यक्षात आला नाही, दुरुस्ती वेळेत आली. पण प्रिंटर-ते-प्रिंटर वर्म ही आता कल्पनेतली गोष्ट उरलेली नाही.

बचावाच्या विचारांचेही प्रवाह आहेत. पहिला अँटिव्हायरसवाल्यांचा: प्रत्येक मशीनवर ओळखीच्या खुणा जपा आणि सापडला की मारा. या प्रवाहात पुण्याचा वाटा मोठा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं आणि गावोगावच्या संगणकांवर ते पोहोचलं. दुसरा प्रवाह कुंपणाचा, म्हणजे फायरवॉलचा. तिसरा पॅचचा. चौथा रोगपरिस्थितिशास्त्राचा: आयबीएममधल्या केफार्ट आणि व्हाइट यांनी १९९१ मध्ये साथीच्या रोगांची गणितं संगणकांना लावून पाहिली, आणि ब्रिस्टलच्या एचपी प्रयोगशाळेत मॅथ्यू विल्यमसन यांनी २००२ मध्ये सुचवलं, की प्रत्येक मशीननं सेकंदाला किती नव्या मशीनशी बोलायचं यावरच मर्यादा घाला, माणसाच्या कामाला ती जाणवणार नाही, वर्मला मात्र जखडून टाकेल. पाचवा प्रवाह नेटवर्कचे कप्पे पाडणाऱ्यांचा. २०१० मध्ये जॉन किंडरवॅग यांनी मांडलेला ‘झिरो ट्रस्ट’ हा विचार त्याचंच पुढचं पाऊल. आत आहे म्हणून आपला, असं कुणालाच मानायचं नाही.

या पाचांत कुणाची बाजू घ्यायची, तर कार्यालयासाठी पाचव्याची. अँटिव्हायरस प्रिंटरवर सहसा चढवता येत नाही. कुंपणाच्या आत पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप रोज येतात. पॅच अत्यावश्यक आहे, पण एकच मशीन राहून गेलं तरी वर्मला ते पुरतं. जहाजाचं तळघर पोलादी भिंतींनी विभागलेलं असतं, ते एका भोकानं सगळं जहाज बुडू नये म्हणून. प्रिंटर, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्ही आणि हिशेबाची मशीन यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्यामागे तोच विचार आहे. त्याला लागणारा साधा मॅनेज्ड स्विच कित्येक कार्यालयांत आधीपासून आहे. फक्त त्यातली कप्पे पाडायची सोय कुणी चालू केलेली नसते.

विभागणी नसली की काय होतं, ते २०१७ नं दाखवलं. १२ मे रोजी वॉनाक्राय दीडशे देशांत पसरला. त्याची वाट होती एसएमबीची पहिली आवृत्ती, म्हणजे ऐंशीच्या दशकात फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठीच जन्मलेली पद्धत. पॅच १४ मार्चला आलेला होता. २७ जूनला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला. पॅच असलेली मशीनही वाचली नाहीत, कारण एका मशीनच्या मेमरीतून तो ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड उचलून पुढच्या मशीनवर रीतसर लॉगिन करत होता. कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभारावे लागले. रायगड जिल्ह्यात, न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं याच समूहाचं टर्मिनल त्या दिवसांत विस्कळीत झालं आणि कंटेनरांची कामं हातानं करायची वेळ आली. युक्रेनमधला बिघाड न्हावा शेवापर्यंत यायला काही तास पुरले.

हा विषय आज मराठीत का यावा, याचं उत्तर आपल्या कार्यालयांतच आहे. पतसंस्था, शाळा, दवाखाने, सीएंची ऑफिसं, नगरपालिका, गृहनिर्माण संस्था यांचं काम आता पूर्ण नेटवर्कवर चालतं. पगारी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर मात्र बहुतेकांकडे नाही. एक उदाहरण पुरेसं आहे. झेरॉक्स-स्कॅन-प्रिंट असं तिन्ही करणारं मोठं मशीन स्कॅन केलेलं कागदपत्र थेट शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं. जुन्या मशीनना त्यासाठी एसएमबीची तीच पहिली आवृत्ती लागते. वॉनाक्रायनंतर ती बंद केली की स्कॅनिंग थांबतं, दुसऱ्या दिवशी तक्रार येते, आणि कुणीतरी ती पुन्हा चालू करून देतं. कधी त्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार दिले जातात, तर कधी मशीनमध्ये चक्क ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड साठवून ठेवला जातो. तिथपर्यंत पोहोचायला कुणाला फार कष्ट पडत नाहीत, कारण मशीनच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं उघड केलं, की रशियाशी संबंधित एक हेरगट कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी नेमके असेच प्रिंटर आणि इंटरनेट फोन निवडत होता.

आणि प्रिंटरचं दुखणं क्षुल्लक मानायची सवय महागात पडते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेत स्विफ्टचे, म्हणजे बँकाबँकांमधल्या संदेशजाळ्यावरचे, व्यवहार छापणारा प्रिंटर बंद पडला, तेव्हा तो नेहमीचा बिघाड समजला गेला. तो हल्लेखोरांनी बंद पाडला होता; ८ कोटी १० लाख डॉलर गेले. ते काम वर्मचं नव्हतं, पण धडा इथे पूर्ण लागू आहे. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. कोपऱ्यातला प्रिंटर काय सांगतोय हे ओळखायलाच दोन दिवस गेले, तर सहा तास कुठून मोजायचे?

प्रस्तुत पुस्तक तज्ज्ञांसाठी नाही. नेटवर्क ज्यांच्या गळ्यात पडलं आहे त्यांच्यासाठी ते आहे: संगणक शिकवणारे शिक्षक, पतसंस्थेचे व्यवस्थापक, तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान चालवणारे तंत्रज्ञ. वर्म कसा लिहितात हे त्यात नाही आणि ते नसणं योग्यच आहे. कोणत्या कंपनीचं उत्पादन घ्यावं, हेही त्यात नाही. जुन्या घटनांमधून आजच्या सेटिंगपर्यंत वाचकाला आणणं, हा त्याचा प्रयत्न. त्यात एक आग्रह सतत जाणवतो: प्रत्येक सामायिक वस्तूपुढे एका माणसाचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. पॅच कधी मारला, पासवर्ड कधी बदलला, स्पूलरची गरज नसलेल्या सर्व्हरवर तो बंद आहे का, हे त्या नावाच्या माणसाला विचारता आलं पाहिजे. हा आग्रह तंत्रज्ञानाचा कमी आणि कारभाराचा जास्त आहे. वर दिलेल्या बहुतेक घटनांत दुरुस्ती आधीच उपलब्ध होती, हे लक्षात घेतलं तर तो रास्त ठरतो. मोठ्या रुग्णालयांची किंवा बँकांची गुंतागुंत इथे पूर्ण मावलेली नाही. त्यांना याच्या पुढचं वाचावं लागेल.

वाचकांना एक विनंती. पुढचं प्रकरण उघडण्याआधी कार्यालयातल्या प्रिंटरच्या मेनूत जाऊन त्याचं कॉन्फिगरेशन पान छापून घ्यावं. फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे आणि न लागणाऱ्या किती सेवा चालू आहेत, हे त्यावर पाहावं. सेटिंगचा पासवर्ड कुणाकडे आहे हे विचारावं आणि उत्तर मिळालं नाही, तर त्याच दिवशी तो बदलून घ्यावा.